भूक लागावी म्हणून

मनमाडचा उन्हाळा तहान वाढवतो आणि भूक मारतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, दिवसभर तापलेल्या स्लॅबची धग रात्रीपर्यंत खोलीत उतरत राहते. वर्षानुवर्षं दिवस मोजून पाणी वापरलेलं हे गाव. गच्चीवर दोन बादल्या मारून गारवा करावा, तर तेही जिवावर येतं. संध्याकाळी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापल्या जात असतात आणि बाहेरच्या खोलीत कुणालाच जेवावंसं वाटत नसतं. यात नवल नाही. अन्न पचवताना शरीरात उष्णता तयार होते आणि आधीच तापलेलं शरीर ती टाळू बघतं. रक्त कातडीकडे धावतं, घाम काढायच्या कामाला लागतं, पोट मागे पडतं. मग गार पाण्याचे तांबेच्या तांबे रिचवायचे आणि पानावर बसल्यावर दोन घास खाऊन उठायचं.

फ्रेंच लोकांनी नेमक्या या वेळेसाठी एक पेयप्रकार घडवला आहे. त्याला ते आपेरितीफ म्हणतात. जेवणाआधी घ्यायचा, हलका, बहुधा कडसर आणि पुष्कळदा फसफसता असा हा पेला. त्याच्या कृती शेकड्यांनी सापडतील, पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच हेतू आहे: पिणाऱ्याला भूक लागावी. हा हेतू घट्ट धरला की काय घालायचं, किती घालायचं, कधी थांबायचं, हे सगळं आपोआप ठरत जातं. तो सुटला की उरते ती नुसती रंगीत दारू.

आपल्याकडे पिण्याची रीत बरोबर उलट आहे. संध्याकाळी बैठक बसते, फरसाण येतं, शेंगदाणे येतात, मागोमाग तळलेलं काहीतरी येतं. आतून विचारणा होते, "वाढू का?" बाहेरून उत्तर जातं, "थांब जरा, दहा मिनिटं." ती दहा मिनिटं साडेदहापर्यंत लांबतात. तोवर भाकरी वाळलेली, पिठलं आळलेलं आणि भूक चकण्यात संपलेली. इथे पेय जेवणाच्या जागेवरच बसतं. आपेरितीफ जेवणासाठी जागा करून देतं. दोन्हींत मद्य आहे. फरक आहे तो पेल्यानंतर काय व्हायचंय याचा.

आता भूक जागी कशानं होते ते बघू. आपल्या पानाची मांडणीच त्याचं उत्तर देते. पानात पहिलं मीठ वाढतात, मग लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर, लोणचं. भात-वरण नंतर येतं. आंबट आणि खारट जिभेला लागलं की लाळ सुटते, लाळेपाठोपाठ जठररस पाझरू लागतो. कडू चवही हेच काम करते. गुढीपाडव्याला, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, आपण वर्षाचा पहिला घास कडुलिंबाचा घेतो. बंगाली जेवणात सुरुवातीलाच कारल्याची कडसर शुक्तो वाढतात. गोडाचं मात्र उलटं. गोड लवकर तृप्त करतं, म्हणून उपाशीपोटी सरबताचे दोन ग्लास प्यायलेलं पोर जेवत नाही.

फ्रान्समध्ये या कडू चवीचा प्रवास औषधाच्या बाटलीतून सुरू झाला. सिंकोना झाडाच्या सालीतलं क्विनीन हे हिवतापावरचं औषध, पण इतकं कडू की घशाखाली उतरेना. एकोणिसाव्या शतकात तिथल्या औषधवाल्यांनी आणि मद्य करणाऱ्यांनी ती साल वाइनमध्ये मुरवली, जोडीला मसाले आणि साखर घातली. 1846 मध्ये जोसेफ दुबोने यानं केलेलं दुबोने हे त्यातलं गाजलेलं नाव. 1889 मध्ये आलेल्या सूझमध्ये सिंकोनाऐवजी जेन्शन नावाच्या डोंगरी वनस्पतीचं कडू मूळ होतं. हिवतापाची भीती ओसरली, पण जेवणाआधी थोडं कडू घ्यायची सवय टिकली, कारण त्यानंतर जेवण चांगलं जातं हा अनुभव लोकांना आला होता.

आंबट-गोडाचा तोल कसा बदलत गेला, ते 'कीर' नावाच्या पेयात दिसतं. बर्गंडीतल्या दिजों शहरी पांढऱ्या आंबट वाइनमध्ये काळ्या मनुकेवजा फळांचं, म्हणजे कासिसचं, गोड मद्य घालून प्यायची जुनी रीत होती. फेलिक्स कीर हे धर्मगुरू 1945 पासून 1968 मध्ये वारेपर्यंत त्या शहराचे महापौर होते. ते पाहुण्यांचं स्वागत या पेयानं करत, म्हणून त्यांचंच नाव त्याला चिकटलं. जुन्या मापात कासिस तिसऱ्या हिश्शापर्यंत जाई. आता ते पाचव्या, कधी दहाव्या हिश्शावर आलं आहे. गोडी कमी झाली तसा हा पेला जेवणाच्या जवळ सरकला. साध्या वाइनच्या जागी फसफसती वाइन घातली की होतो कीर रोयाल. आपल्याला करायचा आहे तो याच घराण्यातला पेला, पण नाशिक जिल्ह्याच्या मालावर.

माल भरपूर आहे. मनमाडहून नाशिककडे जाणाऱ्या गाडीत बसलं की आधी लासलगावचा कांदा लागतो, मग उगाव-निफाडच्या द्राक्षबागा. पलीकडे दिंडोरीत खास वाइनच्या द्राक्षांचे मळे आहेत. महाराष्ट्रात फसफसती वाइन प्रथम नावारूपाला आली ती नारायणगावात. 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीनं ती बनवली आणि परदेशी धाडली. राजीव सामंत यांची सुला 1999 ची. 2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. शँपेनच्या धंद्यातल्या जुन्या फ्रेंच घराण्याची शांदों 2013 मध्ये नाशिकच्या द्राक्षांची बाटली घेऊन बाजारात उतरली. शँपेन हे नाव मात्र फ्रान्समधल्या त्या एका प्रदेशापुरतं राखलेलं आहे. आपली ती फसफसती वाइन, आणि त्यात कमीपणा काही नाही.

या वाइनचा आंबटपणा बागेतच ठरतो. आपल्याकडे वेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते, उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना गोडी छाटणी. फळ पिकत जातं तशी साखर चढते आणि आम्ल उतरतं. उष्ण हवेत तर ते झपाट्यानं उतरतं. म्हणून फसफसत्या वाइनची द्राक्षं हिवाळ्यातच, गोडी पूर्ण भरायच्या आधी तोडतात. खायला आंबट लागणारा हाच घड इथे उपयोगी. त्याची साधी वाइन तयार झाली की बाटलीत लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून तोंड बंद करतात. आत पुन्हा आंबणं सुरू होतं, तयार झालेला वायू बाहेर जाऊ शकत नाही, वाइनमध्येच विरघळतो. दाब वातावरणाच्या पाच-सहा पट होतो, गाडीच्या टायरमधल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त. पुढे बाटली हळूहळू फिरवत उलटी करून गाळ मानेत आणायचा, मान गोठवून तो उडवून द्यायचा आणि बूच मारायचं.

हा विरघळलेला वायूही भुकेच्या बाजूनं काम करतो. जिभेवर त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, म्हणून बुडबुडे टोचल्यासारखे आणि आंबूस लागतात. तोंडाची मरगळ जाते. पण हाच वायू जास्त झाला तर पोट फुगवून भूक मारतो. कडू थोडं असेल तर लाळ सुटते, वाढलं की तोंड वाकडं होतं. मद्य थोडं असेल तर भूक वाढते, जास्त झालं की माणूस जेवण विसरतो. पेला हलका ठेवायचा तो एवढ्यासाठी. इथे प्रत्येक मदतनीस प्रमाण चुकलं की उलटतो.

तर आता कृती. कासिसऐवजी घ्यायचं डाळिंब. मनमाडच्या उत्तरेला मालेगाव, सटाणा, देवळा हा डाळिंबाचा पट्टा. हस्त बहाराची भगवी फळं उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाजारात असतात. तीन मध्यम फळांचे दाणे काढून हातानं किंवा गाळणीवर दाबून रस काढावा. मिक्सरला जोरात फिरवले तर आतली बी भरडली जाते आणि रस तुरट होतो. रस मंद आचेवर तिसरा हिस्सा उरेपर्यंत आटवावा. साखर घालायची नाही. चिमटीभर मीठ घालायचं ते याच रसात. थेट पेल्यात टाकलं तर फेस उसळून सगळा वायू निघून जातो. कडूपणासाठी टॉनिक वॉटर घ्यावं. त्यात क्विनीनच असतं, म्हणजे दुबोनेची कडू चव किराणा दुकानाच्या फ्रीजमधून हाती येते. फक्त त्यात साखरही बरीच असते, म्हणून हात आखडता ठेवावा. वाइन घेताना लेबलवर 'ब्रूट' लिहिलेलं पाहावं. तिच्यात लिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते.

गार करण्यात घाई चालत नाही. बादलीत बर्फ घ्यावा, तो बुडेल इतकं पाणी घालावं आणि मूठभर खडेमीठ टाकावं. नुसता बर्फ बाटलीला जागोजाग टेकतो. पाणी तिला सगळीकडून वेढतं, आणि मिठानं ते आणखी थंड होतं. अर्ध्या तासात बाटली सहा-आठ अंशांवर येते. साधं बर्फाचं पाणी इथे झाडांना घालता येतं, पण हे मिठाचं पाणी घालू नये. टाकायचं जिवावर आलं तर मीठ वगळावं आणि दहा-पंधरा मिनिटं जास्त थांबावं. गार द्रवात वायू टिकून राहतो. कोमट बाटली उघडली की अर्धी वाइन फरशीवर जाते. उघडताना बुचावरची तार सहा अर्धे वेढे देऊन सैल करायची, अंगठा बुचावरून काढायचा नाही, बाटली तिरकी धरायची, तोंड कुणाकडे करायचं नाही आणि बूच न फिरवता बाटली फिरवायची. बूच धडाका करून उडालं तर कोपऱ्यातली पोरं टाळ्या वाजवतील, पण नीट उघडलेल्या बाटलीतून येतो तो फक्त सुस्कारा, आणि वायू जिथल्या तिथे राहतो.

निमुळता, आधीच गार केलेला पेला घ्यावा. तळाशी 10 मिलि डाळिंबाचा आटीव रस, 5 मिलि लिंबाचा रस, त्यावर 45 मिलि गार टॉनिक, आणि शेवटी पेला तिरका धरून कडेनं 90 मिलि वाइन. चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच हलकेच वर उचलायचा, ढवळायचं नाही. बर्फ नको, वितळून चव पातळ होते आणि बुडबुडेही लवकर उडतात. मोसंबीच्या सालीचा बोटाएवढा तुकडा पेल्यावर पिळला की तेलाचा बारीक फवारा पृष्ठभागावर बसतो. पहिला घोट घेण्याआधीच नाकाला त्याचा कडसर वास येतो.

हिशेब करून बघा. 12 टक्क्यांच्या 90 मिलि वाइनमध्ये मद्यार्क 10.8 मिलि, 150 मिलिच्या पेल्यात तो सात टक्क्यांच्या आसपास पडतो. 60 मिलिच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये याच्या दुपटीहून जास्त असतो. बुडबुड्यांमुळे मद्य लवकर चढतं हेही ध्यानात असावं, म्हणून आधी ग्लासभर साधं पाणी किंवा ताक पिऊन तहान भागवावी. तहानेपोटी वाइन पिऊ नये. 750 मिलिच्या बाटलीत असे आठ पेले होतात. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी निस्तेज होते, तेव्हा आठ जण जमले असतील तेव्हाच ती उघडावी. वय आणि परवान्याचे नियम आपल्या राज्यात आहेत, ते पाळावेत. सोबत खायला काकडीचे काप आणि मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी पुरेत.

घरात न पिणारे असतातच. ते आधी आठवायला हवेत. त्यांच्यासाठी वाइन वगळून कोकणातलं कोकम आगळ चमचाभर, तेवढाच डाळिंबाचा रस, टॉनिक आणि साधा सोडा, वर तीच मोसंबीची साल. आंबट आहे, कडू आहे, खारट आहे, फसफसतं आहे, गार आहे. भूक त्यानंही लागते, कारण हे काम मुख्यतः या चवींचं होतं. मद्य त्यांतलं एक अंग होतं, आणि तेच सगळ्यांत सहज वगळता येण्याजोगं.

म्हणून या पेल्याची परीक्षा पेल्यात होत नाही. रंग सुरेख आला, बुडबुडे शेवटपर्यंत टिकले, पाहुण्यांनी वाहवा केली, यावरून काही ठरत नाही. पेला संपल्यावर लोक दुसरा मागू लागले, तर गोडी जास्त झाली किंवा माप चुकलं असं समजावं आणि पुढच्या खेपेला रस निम्मा करावा. आणि आतून "वाढू का?" आल्यावर कुणी दहा मिनिटं मागितली नाहीत, उलट दोघे-तिघे उठून पानं मांडायला लागले, तर कृती जमली.