खरे उत्तर

दहावी-बारावीनंतर मुलांना स्वतःची आवड व कल तपासणारी प्रश्नावली देतात. कल्पना जुनी आहे. १९०८ साली अमेरिकेत बॉस्टन शहरी फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय-मार्गदर्शनाचे कार्यालय उघडले. येणाऱ्या तरुणाला ते स्वतःविषयी शंभरावर प्रश्न देत; पण उत्तरे घरच्यांकडून व मित्रांकडून पडताळून घे, असेही सांगत. यातच मर्म आहे. आपण आहोत तसे लिहीत नाही. दिसावेसे वाटते तसे लिहितो. पुष्कळदा मुलगा वडिलांना हवे तेच लिहितो. अशा उत्तरांतून निघालेली शाखा त्याची नसते. तरी वर्षानुवर्षे ती त्यालाच शिकावी लागते. आईबापहो, मुलाने खरे उत्तर लिहिले, तर ते ऐकून घेण्याची आपली तयारी आहे काय?