काळा रंग गाळायचा कशाला?

आमच्या निपाणी-बेळगावकडं बाईनं किती दिवस रडायचं, हे बहुधा दुसरेच ठरवतात. सुतक फिटलं की डोळे पुसायचे आणि बस्तीला जायला लागायचं.

हे गेल्यावर सहाव्या महिन्यात मी भाचीच्या उरलेल्या पोस्टर कलरनं कागद रंगवू लागले. चित्रकला मला येत नाही. कितीतरी कागद नुसते काळे-निळे झाले. थोरल्या जाऊबाई ते बघून म्हणाल्या, "अगं, हे आर्तध्यानच की! रंग लावून दुःख जपतीयास होय?"

त्या मायेनं बोलल्या आणि शास्त्राला धरूनही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार आहेत. त्यांतला एक इष्टवियोगाचा: प्रिय ते हरपल्यावर परत मिळावं म्हणून तेच तेच चिंतत राहणं. तेव्हा प्रश्न खरा आहे. दुःख रंगवणं म्हणजे ते कुरवाळणं, की खाली ठेवणं?

मला वाटतं, सगळा फरक त्या 'परत मिळावं'मध्ये आहे. रात्री अंथरुणात माझं जे चालायचं ते आर्तध्यानच होतं. आजार आधी कळला असता तर, दुसऱ्या गावी नेलं असतं तर... त्याला शेवटच नव्हता. कागदावर उतरलं तेव्हा त्याला चार कडा आल्या. समोर तो काळा रंग, आणि अलीकडं बघणारी मी. भेदविज्ञान हा शब्द प्रवचनात लहानपणापासून ऐकलेला. 'जाणणारा वेगळा' याची थोडी चव मात्र त्या ओल्या कागदापुढं लागली. (सामायिकाची जागा रंग घेत नाहीत, हेही सांगून टाकते.)

आणि आपल्याला रंगांचं वावडं कधी होतं? लेश्यावृक्षाचं चित्र आठवा. जांभळाचं झाड, सहा भुकेली माणसं. एक मुळावरच कुऱ्हाड घालतो, शेवटचा खाली पडलेली जांभळं वेचतो. मनाच्या परिणामांना नावंच रंगांची: कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म, शुक्ल. कृष्ण त्यातून कुणी गाळलेला नाही. मग माझ्याच कागदावर पहिल्या दिवशी शुक्ल कुठून यावा?

केटे कोलविट्झ या जर्मन कलावतीचा धाकटा मुलगा १९१४ मध्ये महायुद्धात मारला गेला. त्याच्या स्मारकात आधी मुलाचीही आकृती घ्यायचं तिच्या मनात होतं. काम पुरं व्हायला १९३२ उजाडलं, तेव्हा मुलगा त्यात नव्हता. गुडघे टेकलेले आईबाप तेवढे होते. परत मागणं सुटायला तिला इतकी वर्षं लागली असावीत, असं मी आपलं समजते.

मीही यांचा चेहरा एकदाही काढलेला नाही. अलीकडं हळदीसारखा पिवळा मात्र हाताशी येतो. लग्नाआधी मी रांगोळीत तोच जास्त भरायची, हे विसरूनच गेले होते.

कुणाला करून बघायचं असेल तर खुशाल बघा, फक्त दाखवायला काढू नका. 'छान झालंय हो' ऐकायची गोडी लागली की मान कषाय आलाच. राहिला प्रश्न त्या कागदांच्या परिग्रहाचा. माझे सध्या ट्रंकेत आहेत.