क्षेत्राचा क्षोभ

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका सांगितली आणि तिच्या तेराव्या अध्यायात क्षेत्र व क्षेत्रज्ञ, म्हणजे विकार पावणारे शरीर आणि त्या विकारांचा साक्षी, यांचा विवेक करून दिला. सातशे वर्षे हा विवेक ज्या मुलखात पारायणांतून कानी पडत आला, त्याच मुलखात फेफरे आलेल्या माणसाकडे बोट दाखवून 'याला कोणी धरले?' असे अजून विचारले जावे, याला मी वैद्यकीय अज्ञानाइतकीच धार्मिक विस्मृती समजतो; कारण क्षोभ क्षेत्राचा असेल, तर साक्षीच्या आसनावर परकी सत्ता येऊन बसली हे म्हणणे त्या शिकवणीपुढे टिकत नाही.

चरकाने अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे, चार प्रकार वातादी दोषांवरून लावले, देवकोपावरून नव्हे. ग्रीसमध्ये हिपोक्रॅटिसाच्या नावावर असलेल्या ग्रंथानेही हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नसून त्याचे मूळ मेंदूत आहे, असे ठामपणे सांगितले. आजच्या भाषेत, झटक्यात मेंदूतील पेशींचा विद्युत्-व्यवहार काही काळ बेबंद होतो, आणि तो जेथे होतो त्याप्रमाणे झटक्याचे रूप पालटते. शाळेतले मूल वाक्याच्या मध्यावर थांबून काही क्षण शून्यात पाहते व बेपर्वाईच्या आरोपाखाली शिक्षा भोगते; कोणाचा एकच हात उडत राहतो व शुद्ध मात्र शाबूत असते; कोणी ओठ चाटीत, सदऱ्याच्या गुंड्या चाचपडीत, हाकेला ओ न देता विहिरीच्या कठड्याकडे चालू लागतो. त्याला दरडावू नये, करकचून धरू नये. हळूच वळवून धोक्यापासून दूर न्यावे आणि भान येईपर्यंत सोबत राहावे.

सर्वांना परिचित असते ते मोठे फेफरे. सप्ताहाच्या मांडवात एखादा तरुण किंचाळून ताठ होतो, कोसळतो, हातपाय झाडू लागतो, तोंडाला फेस येतो. आणि भोवतीच्या गर्दीतून कोणी कांदा, कोणी जोडा नाकाशी नेतो, कोणी किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबतो, कोणी दातखिळीत चमचा घालून दात मोडतो. त्याच तेराव्या अध्यायातील ज्ञानलक्षणांत अहिंसेचे विवरण करताना ज्ञानेश्वरांनी चालणे, बोलणे, पाहणे आणि हाताचा स्पर्श यांचाही विचार केला आहे. त्या अहिंसेची खरी कसोटी येथे लागते. हातपाय दाबू नयेत; जवळचे दगड, भांडी, समई बाजूला सारावी, डोक्याखाली घडी केलेले उपरणे द्यावे, गळ्याची गुंडी सोडावी, घड्याळ पाहावे, आणि झटके ओसरताच कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ श्वासनलिकेत उतरत नाही. तोंडात काही घालू नये, आणि पुरती शुद्ध येईपर्यंत पाणीही पाजू नये. बहुतेक झटके एकदोन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटे उलटली, शुद्ध येण्यापूर्वी दुसरा झटका आला, रोगी स्त्री गर्भवती असली, रोगी पाण्यात पडला वा त्याला इजा झाली, किंवा आयुष्यातला पहिलाच झटका असला, तर १०८ ला कळवून दवाखाना गाठावा.

कायद्याने आपले काम बरेचसे केले आहे. भूत उतरविण्याच्या मिषाने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे ठरले. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची अपात्रता १९९९ मध्ये काढून टाकण्यात आली. परंतु गावातला धाक कायद्याच्या कलमाने जात नाही. त्यासाठी विश्वासाचा आवाज लागतो, आणि १९७० पासून जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्याने गावच्याच, पुष्कळदा निरक्षर अशा स्त्रियांना आरोग्यसेविका करून तो आवाज कोठून उभा करता येतो हे दाखवून दिले.

म्हणून जिल्ह्यातील कीर्तनकारांना माझी विनंती आहे की, सप्ताहात तेरावा अध्याय निरूपणास घ्याल तेव्हा, फेफऱ्याच्या माणसाला कुशीवर कसे वळवावे हे एका टाळकऱ्याला आडवे करून श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष दाखवा, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या गंडा बांधला म्हणून एक दिवसही बंद करू नयेत, हे व्यासपीठावरून स्पष्ट सांगा.