कात्री आणि कळी

आमच्या ओट्यावर कामिनीच्या दोन कुंड्या आहेत. कोणी तिला कुंती म्हणतात. एकीला मी आठ वर्षे कातरून चेंडूसारखा गोल आकार दिला आहे. दुसरी कोपऱ्यात पडलेली, वाटेल तशी वाढलेली. येणारा पाहुणा थांबतो तो पहिलीपाशी. "वा मास्तर! झाड आहे की कुंभाराच्या चाकावरून उतरवलंय?" असे कोणी म्हणाले, की माझी छाती, खरे सांगायला लाज कशाला, दोन बोटे फुगते.

गेल्या श्रावणात शेजारच्या काकू पूजेला फुले मागायला आल्या. कोपऱ्यातल्या कामिनीने त्यांच्या परडीचा तळ झाकला. मग गोल झाडाभोवती एक प्रदक्षिणा घालून त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे एवढं देखणं, पण याला फूल कसं नाही?"

उत्तर मला ठाऊक होते. झाडाच्या शेंड्यात एक द्रव्य तयार होते. ते खाली उतरून बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा खुडला की तो धाक जातो, निजलेले डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या जागी दोन-चार फुटवे येतात. तेही खुडायचे. थोडे थोडे, पण नेमाने. कुंडी दर आठवड्याला पाव फेरा फिरवायची, नाहीतर उजेडाकडची बाजूच फुगते. दोन-तीन वर्षांनी माती बदलायची, मुळेही छाटायची. असे केले म्हणजे पान पानाला भिडून गोलावा भरतो. पण कामिनीला फुले येतात ती बहुधा नव्या फुटीच्या टोकाशी, आणि नेमकी तीच टोके कात्रीत जातात. आठ वर्षे मी आकार घडवीत होतो आणि कळ्या फेकून देत होतो!

हा शौक माझ्या एकट्याचा नव्हे. मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झाडांचे प्राणी पाहून टाळ्या पिटल्या नाहीत, असे मूल विरळा. इंग्रज कवी पोप याने १७१३ साली एका नियतकालिकात असल्या झाडांची यथेच्छ टवाळी केली. त्याच्याही कितीतरी आधी, सुमारे १९०० वर्षांपूर्वी, रोमच्या धाकट्या प्लिनीने आपल्या बागेचे वर्णन एका पत्रात लिहून ठेवले आहे. तिथे झुडपे कातरून अक्षरे केली होती. कुठे मालकाचे नाव, कुठे माळ्याचे. मला त्यात एकच गोष्ट बोचते. नावे दोघांची, झाड मात्र कोणाच्याच खिजगणतीत नाही.

हे इतके बोचण्याचे कारण झाडात नाही, माझ्या वर्गात आहे. काही वर्षांपूर्वी मालवणकडचा एक मुलगा आमच्या शाळेत आला. पहिल्याच निबंधात त्याने 'पाऊस इलो' असे लिहिले, आईला 'आवस' म्हटले. निबंध ओबडधोबड होता, पण वाचताना कौलांवरचा पाऊस कानांत वाजला. मी लाल शाई घेतली. दोन वर्षे नेमाने त्याचे शेंडे खुडले. सातवीत त्याला तालुक्याच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले. सत्कार त्याचा झाला. पण पाठीवर थाप मला मिळाली.

गेल्या वर्षी त्याची आजी वारली. त्याला तिचा फार लळा. मी म्हटले, "अरे, तिच्याविषयी काहीतरी लिही." त्याने वही उघडली, पेन उचलले, आणि मान वर करून विचारले, "सर, मुद्दे कुठले घालू?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग कात्री टाकून द्यावी काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. कोपऱ्यातली कामिनी फुलते खरी, परंतु ती खाली बोडकी झाली आहे, आणि एक लांबट फांदी वाऱ्याने मोडली. कुंडीत लावलेल्या झाडाला 'वाढ हवे तसे' म्हणून सोडून देणे ही दया नव्हे. कुंडी हेच पहिले बंधन, आणि ते आपणच घातलेले. मुलाचेही तेच. उद्या त्याला साधा अर्ज शुद्ध लिहिता आला नाही, तर त्याचे फळ मला नव्हे, त्याला भोगावे लागेल. तेव्हा कातरावे की नाही हा प्रश्नच नव्हे. कातरणाऱ्याने स्वतःला विचारायचे ते हे : ही कात्री कोणाच्या नावासाठी चालते आहे? आणि कळी दिसल्यावर माझा हात थांबतो का?

यंदा मी गोल कामिनी पावसाच्या तोंडाशी एकदाच कातरली आणि थांबलो. चेंडूचा आकार बिघडला आहे, चोहीकडून शेंडे निघाले आहेत. पण भाद्रपदात एका रात्री ओट्यावर वास दरवळला, तेव्हा घरातली सगळी माणसे बाहेर आली.

त्या मुलाचा तो पहिला निबंध मी जपून ठेवला होता. तो त्याच्या हाती देऊन म्हटले, "माझी कुठली दुरुस्ती चुकली ते तू सांग." त्याने बराच वेळ वाचला. बहुतेक सगळ्या दुरुस्त्या तशाच ठेवल्या. एक मात्र खोडली. 'आई' काढून तिथे पुन्हा 'आवस' लिहिले.

मी त्याला दहापैकी किती गुण द्यावेत, हे मला अजून ठरवता आलेले नाही.