तोच हा ट्रॅक्टर

शाहू छत्रपतींनी १९१७ साली वसविलेल्या जयसिंगपुरात कीर्तनानिमित्त आमचा मुक्काम होता. यजमानांच्या जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन खोलून ठेवले होते. रिंगा झिजून तेल वर चढे, जळे आणि निळा धूर निघे.

चिरंजीव म्हणाले, "आबा, मोडीत घाला." यजमान म्हणाले, "वडिलांची आठवण आहे. यातलं काही टाकायचं नाही!"

मिस्त्री काहीच बोलले नाहीत. मायक्रोमीटर लावून बसले. लायनर, पिस्टन, रिंगा मापात नव्हत्या, त्या गेल्या. क्रँक झिजला होता, पण पाव मिलिमीटर घासून, तेवढे जाड बेअरिंग घातले की चालणारा, तो राहिला. ब्लॉकला चीर नव्हती, तोही राहिला.

सज्जनहो, विचार करा. कंटाळा म्हणतो सगळे टाका, मोह म्हणतो सगळे ठेवा. मोजून कोणीच पाहत नाही. "तोच हा देवदत्त" हे वेदांतातले उदाहरण. तेव्हाचा आणि आताचा हा भेद सोडावा, देवदत्त धरावा. काही सोडल्यावाचून 'तोच' म्हणताच येत नाही. पण काय सोडावे, हे विवेकाच्या मापानेच ठरते.

आम्हीही साठी ओलांडली. मागे एका शिष्याने आमच्या निरूपणातली चूक दाखविली. "गुरूंनी असेच शिकविले," म्हणून आम्ही त्याला गप्प बसविले. माप काही लावले नाही.

इंजिन सुरू झाले, धूर नाही. मिस्त्री म्हणाले, "रिंगा बसेपर्यंत जड नांगर लावू नका." यजमान डोळे पुसून म्हणाले, "तोच हा!"

त्या रात्री आम्ही शिष्यास पत्र लिहिले.