वाट, वहिवाट आणि प्रदक्षिणा

निपाणीहून पश्चिमेस निघालेला राज्यमार्ग राधानगरी व दाजीपूर मागे टाकून फोंडा घाटाने कोकणात उतरतो आणि देवगडला समुद्रापाशी थांबतो. या रस्त्याचे प्रयोजन कोणास समजावून सांगावे लागत नाही. घाटमाथ्याचा माल खाली जावा, कोकणचा वर यावा, माणसे सोयरिकीस, यात्रेस, कोर्टकचेरीस पोहोचावीत, एवढ्यासाठी तो आहे. परंतु याच रस्त्यावर दाजीपूरपाशी अभयारण्याच्या फाटकातून दुसरी एक वाट आत शिरते. ती दाट झाडीतून चढते, उघड्या सड्यावर येते, दऱ्यांचे दर्शन घडविते आणि हिंडणाऱ्यास पुन्हा फाटकाशी आणून सोडते. ती चालून आलेल्या गृहस्थास ‘कोठे जाऊन आलात?’ असे विचारले, तर त्यास प्रामाणिकपणे ‘कोठेच नाही’ असे म्हणावे लागेल. कोठेही न पोहोचणाऱ्या या चालण्यास हक्क म्हणता येईल काय, असा प्रश्न आम्हांस पडतो. आणि तो वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

कायद्याला वाट कळते ती ठिकाणाची. विहिरीची वाट, शेताची वाट, स्मशानाची वाट. १८८२ च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीतून २० वर्षे उघडपणे, शांततेने व हक्क म्हणून अखंड वहिवाट केली, तर ती वाट मागता येते. जमीन सरकारची असेल तर ३० वर्षे लागतात. बांधावरच्या वाटेसाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे भांडताना आम्ही पाहिले आहेत, आणि त्या भांडणांस हसण्याचे धैर्य आम्हांस कधी झाले नाही, कारण त्या दोन हात रुंदीच्या पट्टीवरून बैल शेतात जातो. मात्र नुसते हिंडण्याची वहिवाट इंग्रजी न्यायालये दीर्घकाळ मानीत नव्हती. १९५५-५६ च्या सुमारास गाजलेल्या एलेनबरो पार्कच्या दाव्यात बागेत फिरण्याचा हक्क मान्य झाला, तोही ती बाग भोवतालच्या घरांसाठीच राखलेली होती म्हणून.

त्याच देशात १९३२ साली शेकडो कामगार किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मालकांची मनाई मोडून चढले, काहींना तुरुंगवास झाला, आणि पुढे २००० साली उघड्या माळरानांवर पायी हिंडण्याची मोकळीक कायद्यानेच दिली. त्या कामगारांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु त्यांच्यासमोर शिकारीसाठी डोंगर अडवून बसलेले जमीनदार होते. दाजीपुरास आज तसा जमीनदार नाही. पूर्वी होता, असे म्हणता येईल. हे रान कोल्हापूरच्या महाराजांच्या शिकारीचे होते. १९५८ साली ते गव्यांसाठी राखले गेले, १९८५ साली राधानगरी अभयारण्य म्हणून त्याचा विस्तार होऊन ते सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे झाले, आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची गणना झाली. इटलीच्या आल्प्समध्ये ग्रान पारादीझोची कथा अशीच आहे. १८५६ साली राजाने तेथील डोंगर आपल्या मृगयेसाठी राखले, १९२२ साली त्यांचे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि राजाच्या शिकारीसाठी बांधलेल्या खेचरवाटांवरून आता हौशी पदयात्री दऱ्यांना वळसे घालतात. राजाची मौज ती आता प्रजेची मौज झाली. हे चांगलेच झाले. पण मौज ती मौजच.

प्रश्न बोचतो तो येथे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे २७ वे कलम अभयारण्यात कोणी शिरावे हे सांगते: कामावरचा सरकारी नोकर, आत राहण्याची परवानगी असलेला, आत स्थावर मिळकतीत हक्क असलेला, सार्वजनिक हमरस्त्याने जाणारा, आणि यांतील पहिल्या तिघांचे आश्रित. बाकीच्यांस परवाना हवा. २८ वे कलम परवान्याची कारणे देते आणि त्यांत अभ्यास, छायाचित्रण, संशोधन यांच्या पंक्तीस पर्यटन बसलेले आहे. म्हणजे आमच्यासारख्या निष्कारण हिंडणाऱ्यास कायद्याने नाव दिले, रकाना दिला. सह्याद्रीच्या या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या म्हशी घेऊन राहिलेल्या गवळी धनगरांचे काय? ज्याच्या नावे सातबारा आहे तो २७ व्या कलमात बसेल. ज्याच्यापाशी केवळ पायाखालची वाट आहे, त्याच्या चालण्यास कारण असूनही रकाना नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा व भटक्या पशुपालकांच्या हंगामी वावराचा हक्क मान्य केला खरा. परंतु जो अनुसूचित जमातीत मोडत नाही त्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, आपला निर्वाह त्या वनावर होता हे दाखवावयाचे. वडीलधाऱ्यांचे जबाब, जुन्या विहिरी, देवस्थाने हा पुरावा चालतो, हे त्या कायद्याचे शहाणपण. तरीही त्याला ७५ वर्षे सिद्ध करावी लागतात आणि आम्हांस त्या दिवसाची पावती पुरते, हा फरक आमच्या मनातून जात नाही. वकिलाच्या नजरेस पावती आणि वहिवाट यांतले अंतर जरा अधिकच दिसते, असे कोणी म्हणेल, म्हणू द्यावे.

वळसा घालून परत येणे हे आपल्याकडे मुळीच निरर्थक मानलेले नाही. देवळाची प्रदक्षिणा कोठेच पोहोचत नाही. परंतु तिला मध्य असतो, आणि त्या मध्यात प्रदक्षिणा घालणारा शिरत नाही. शिवालयात तर अभिषेकाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ ओलांडावयाची नाही म्हणून फेरा अर्धा सोडून मागे फिरतात. तेथे मागे फिरणे हाच विधीचा भाग आहे. तळकोकणात आणि गोमंतकात देवराईतली सुकी काटकीही कित्येक गावे उचलीत नसत, आणि तिच्या सीमेवर राखणदार असतो अशी त्यांची श्रद्धा. राईची ही मर्यादा कोणी पाहुण्यांनी आखली नव्हती. ज्यांची गुरे भोवती चरत होती, ज्यांना काटकीची खरोखर गरज होती, त्यांनीच ती पाळली. म्हणून गव्याच्या रानाभोवती फिरणाऱ्या वाटेस प्रदक्षिणा म्हणावयाचे असेल, तर तिचा मध्य राखण्यात त्यांचाही वाटा आहे हे मान्य करूनच तसे म्हणता येईल.

गव्यास मात्र दोघेही सारखेच, हा आक्षेप आम्ही जाणतो. म्हशींमुळे गव्यांत रोग पसरू शकतो, चराईने गवत उणे होते. हे वनाधिकाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हे. एखाद्या खोऱ्यात सर्वांसच बंदी करणे खरोखर आवश्यक ठरेल. आमचे म्हणणे क्रमापुरते आहे. दाव्यात वादीला आपली हानी सांगावी लागते. वळशाची वाट बंद झाली तर आमचा एक रविवार जाईल; चराईची वाट बंद झाली तर चैत्र-वैशाखात म्हशी कोठे न्याव्यात, हे त्या घरास ठरवावे लागेल. फाटक लावावयाचेच असेल, तर ते आधी आमच्यासमोर लावावे.