देवळाली संख्या

१५ ही संख्या घ्या. तिचे अंक १ आणि ५, त्यांची बेरीज ६. ती १५ मध्ये मिळवली की २१ होतात. म्हणजे १५ ही २१ ची जनक. आता २० ची जनक शोधायला बसा. १४ मध्ये ५ मिळवले तर १९ होतात, १५ मध्ये ६ मिळवले तर २१. मधले २० कुठूनच येत नाहीत. ३१ चे तसेच, ४२ चेही तसेच. मागे कोणीच उभे नसलेल्या या संख्यांना दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी आपल्या गावाचे नाव दिले. देवळाली संख्या.

कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ शाळामास्तर होते. फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली आणि औपचारिक शिक्षण तिथेच थांबले. पुढचे सारे संशोधन शाळा सांभाळून. काही लेख गणिताच्या नियतकालिकांत आले, पण बरेचसे काम पदरमोड करून छापलेल्या पुस्तिकांत राहिले. देशातल्या अनेक गणितज्ञांना तो अंकांचा पोरखेळ वाटे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांना सापडलेला ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ जगभरच्या गणितप्रेमींच्या वहीत गेला. मास्तर तेव्हा सत्तरीचे होते. पेन्शन पुरेना म्हणून त्यांना शिकवण्या घ्याव्या लागल्या होत्या. गार्डनर यांच्याकडे स्वतःची गणिताची पदवी नव्हती. कापरेकरांची पदवी किंवा हुद्दा त्यांनी पाहिला नाही, काम वाचले.

आजच्या नियमांप्रमाणे कापरेकरांना प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्जही करता आला नसता. म्हणून पदव्युत्तर पदवी, नेट-सेट, पीएच.डी. या अटी काढून टाका, असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. या अटी आल्या, कारण त्याआधी ‘आपला माणूस’ एवढी एकच पात्रता अनेक ठिकाणी पुरत होती.

संशोधनाच्या मोजणीची गोष्टही अशीच. एखाद्या लेखाचा उल्लेख पुढे कोणी कोणी केला हे शोधता यावे, म्हणून युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला. ती ग्रंथालयातली शोधाची वाट होती. तिची माणसे मोजायची फूटपट्टी झाली. २००५ मध्ये होर्हे हर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला. एखाद्याचे दहा लेख प्रत्येकी किमान दहा वेळा उद्धृत झाले असतील, तर त्याचा एच दहा. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये शिक्षकांची कामगिरी मोजणारी एपीआय गुणांची पद्धत आणली. या आकड्यांना नावे ठेवताना एक विसरता कामा नये: सटाण्याच्या किंवा पेठच्या ज्या मुलाच्या ओळखीचे कोणी संस्थेत नाही, त्याला आकड्याने पहिल्यांदा बोलायला काहीतरी दिले. ‘माझे गुण इतके आहेत’ असे तो सांगू शकत होता.

मग गुणांचाच बाजार भरला. पैसे भरा, लेख छापून घ्या. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली नियतकालिके तपासली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेली, पण स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या सूचींमध्ये नसलेली १००९ नियतकालिके त्यांनी पाहिली. कुणाचा पत्ता खोटा, कुणाचे संपादक सापडेनात, कुणाचा आयएसएसएन क्रमांकच बनावट. यांतली ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असा निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. त्यांतल्या अनेकांची शिफारस विद्यापीठांनीच केलेली होती, हे सगळ्यांत दुखणारे आहे.

२०१८ च्या नव्या नियमांत आणखी एक वळण आले. सहायक प्राध्यापकाच्या निवडीत पदव्या आणि लेखांचे गुण केवळ मुलाखतीला बोलावण्यापुरते उरले. निवड मात्र मुलाखतीवरच ठेवली गेली. म्हणजे वर्षानुवर्षांचे काम दारापर्यंत आणू लागले आणि आतला निकाल दहा-पंधरा मिनिटांत लागू लागला. त्यामुळे जाहिरात आली की तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे लोक एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात, तो विषयाचा नसतो. ‘जागा कोणाची आहे?’

निवड समितीतला नात्यातला सदस्य मुलाखतीच्या वेळी उठून बाहेर गेला, की भागले असे आपण समजतो. स्वीडनचा अनुभव वेगळा आहे. क्रिस्टीन वेनेरास आणि अग्नेस वोल्ड या दोघींनी तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेची १९९५ ची गुणपत्रके कायद्याने मागून मिळवली आणि १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये विश्लेषण छापले. समितीतल्या कुणाशी संबंध असलेल्या अर्जदाराला, तितक्याच कामाच्या इतरांपेक्षा जास्त गुण मिळाले होते. तो सदस्य नियमानुसार त्या अर्जाला गुण देत नव्हता. बाकीचे देत होते. स्त्रियांना तर पुरुषाइतके गुण मिळवायला अडीचपट काम दाखवावे लागत होते. खुर्ची रिकामी झाली तरी तिची भीड खोलीत राहते, आणि भीड हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

अधिकार हाती असणे मुळात वाईट नव्हे. १९१७ मध्ये आशुतोष मुखर्जींनी कलकत्ता विद्यापीठातले पालित अध्यासन चंद्रशेखर व्यंकट रामन यांना दिले, तेव्हा रामन अर्थखात्यात नोकरीला होते. अध्यासनासाठी परदेशी शिक्षणाची अट होती, रामन त्यासाठी जायला तयार नव्हते. अट बाजूला ठेवली गेली. नियम वाकवला गेला होता, पण रामन यांचे छापलेले काम पाहून.

म्हणून मागणी एवढीच करावी. उमेदवाराने आपले तीन लेख निवडून द्यावेत. समितीतल्या दोघांनी ते आधी वाचून पानभर मत लिहावे, खाली सही करावी, आणि निवड न झालेल्यालाही ते पान मिळावे. वेळ नाही, ही सबब चालू नये. तीस वर्षे टिकणारी नेमणूक करताना तीन लेख वाचायला एक सुट्टीचा दिवस लागतो.

नाशिकहून पहाटेच्या एसटीने पुण्याला मुलाखतीला गेलेले किती जण संध्याकाळी त्याच रस्त्याने परततात. मांडीवर झेरॉक्सचा गठ्ठा, प्लॅस्टिकच्या फाईलचे बटण सकाळी लावले होते तसेच. आत एखाद्याचा लासलगावच्या कांदा लिलावावरचा लेख असतो, दोन हंगाम बाजार समितीच्या ओट्यावर उभे राहून टिपलेल्या भावांचा. ‘हे भाव तुम्ही स्वतः लिहून घेतलेत का?’ एवढे जरी कुणी विचारले असते, तर तो अर्धा तास बोलला असता. त्याला विचारले, ‘एकूण पेपर किती?’